आठ सेकंदांचं तिळोदक

मेल वीथी, तंजावूर
अवस होऊन अकरावा दिवस

तीर्थस्वरूप चंद्रमती आत्याबाईंच्या चरणी विघ्नेशाचा साष्टांग नमस्कार. (खरोखर घातला आहे. खोली लहान असल्यामुळे पाय उंबऱ्याबाहेर गेले आणि आईने विचारलं, आता हे काय नवीन.) आपले गुडघे कसे आहेत? साताऱ्यात पाऊस फार आहे असं कळलं. ओल्या पायरीवर जपून उतरावं. आतोबांचा खोकला गेला की त्यांनी त्याला ठेवून घेतला आहे? मी पाठवलेली सुंडवत्तल, म्हणजे ती वाळवलेली रानवांग्याची कडू फळं, आपण खाल्ली नसावीत अशी मला शंका आहे, पण तेलात तळून बघावीत. आता रिवाजाप्रमाणे 'इकडील सर्व क्षेम' हे वाक्य यायला हवं. ते आज मला लिहिता येत नाही. त्याची जागा कोरी ठेवतो. पत्र संपेपर्यंत लिहिण्याजोगं काही घडलं तर भरीन.

. . . . . . . . . . . . . . . . . . . .

मोठ्यांना पत्रात 'आपण' लिहायचं, हे तूच मला पाटीवर शिकवलंस, पण ते मला एवढंच पेलतं. इथून पुढे तू. साताऱ्यातल्या त्या दोन उन्हाळ्यांत तू मला मारून मारून बाळबोध लिपी शिकवलीस, त्याचे उपकार मला आज कळताहेत. या घरात मराठी सगळे बोलतात, पण वाचता येत नाही कोणाला. अप्पा पेपर वाचतात तो तमिळ, आई औषधाची चिठ्ठी वाचते ती इंग्रजी. म्हणून हे पत्र मी मेजावर उघडं टाकून जेवायला जाऊ शकतो. एवढा एकांत तंजावरात दुसरीकडे मिळत नाही.

आत्या, गोष्ट अशी आहे की अप्पा अकरा दिवस माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. रागावले असते तर मला सवय आहे, मी उलटून बोलतो, ते ताटावरून उठतात, दुसऱ्या दिवशी दोघं नवीन विषय काढतो. हे तसं नाही. मी समोर आलो की ते माझ्या पलीकडच्या भिंतीकडे बघतात, भिंतीला नवा रंग दिल्यासारखं. आणि अप्पा बोलल्याशिवाय कीर्तनाच्या, म्हणजे मला जिच्याशी लग्न करायचंय त्या मुलीच्या, घरी माझ्यासाठी शब्द टाकायला कोण जाणार? मुलाने स्वतः जाऊन मुलगी मागायची रीत आपल्यात नाही. (मी एकदा गेलो होतो. तिच्या वडिलांनी, वेंकटेशमामांनी, मी विजेचा मीटर बघायला आलोय असं समजल्यासारखं करून मला मीटर दाखवला. मी तो नीट बघून परत आलो.) आडी महिना चालू आहे, या महिन्यात इथे लग्नाचं कोणी बोलत नाही, पण पुढचा महिना, आवणी, लागला की दुसऱ्याच दिवशी होसूरचा एक मुलगा तिला बघायला येणार आहे. मोटारींच्या कारखान्यात आहे आणि शिक्षण पूर्ण झालंय. लोक 'पूर्ण' हा शब्द माझ्या तोंडासमोर जरा हळू उच्चारतात.

कॉलेज मी का सोडलं ते तुला अप्पांच्या बाजूने कळलंच असेल. माझी बाजू अशी की तिसऱ्या वर्षी हजेरीवरून सर टाकून बोलले, तेव्हा मी म्हणालो, मग ही घ्या कायमची गैरहजेरी, आणि वर्गाबाहेर पडलो. बाहेर व्हरांड्यात मी वीस मिनिटं उभा होतो, आत्या. कोणी बोलवायला आलं नाही. त्यानंतर मी मणी अण्णांच्या स्टुडिओत लागलो. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो, लग्नात जेवणाऱ्यांचे तोंड उघडं असतानाचे फोटो.

कीर्तनाबद्दल तुला काय सांगू. ती भाताच्या बियाण्याच्या तपासणीत काम करते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, सात-आठ दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. माणसांकडेही ती तशीच बघते. मी तिला माझे समुद्राचे फोटो दाखवले, पहाटेचे, सूर्य उगवण्याआधीचे. तिने सगळे शांतपणे बघितले आणि म्हणाली, "छान आहेत. एकातही माणूस नाही. सगळे मेले काय?" मी चिडून म्हणालो की याला निसर्गचित्रण म्हणतात. ती म्हणाली, "असेल." त्या 'असेल'वर मी चार रात्री जेवलो नाही. (आईच्या ते पाचव्या दिवशी लक्षात आलं.)

हा पहाटेचा नाद तुला समजावून सांगायला हवा. आपल्या गावाला समुद्र नाही. ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै करत पासष्ट-सत्तर किलोमीटर गेलं की सरफोजी महाराजांचा मनोरा लागतो आणि त्याच्या पायाशी समुद्र. मात्र तो चित्रातल्यासारखा समुद्र नव्हे. लाटा नाहीत, गर्जना नाही, तळ्यासारखा पडलेला असतो, आणि ओहोटीला इतका मागे जातो की हा परत येणार की नाही अशी काळजी वाटावी. मागे उरतो चिखल, कलंडलेल्या होड्या आणि बगळे. दिवसा त्याचा फोटो काढला तर मणी अण्णा विचारतात, हे कुठलं शेत. पण सूर्य वर यायच्या आधी अर्धा तास तिथे एक उजेड येतो. त्या उजेडाला सावली नसते. होडी, बगळा, चिखल, सगळ्यांना तो सारखाच मिळतो, कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही, आणि कोणाचंही वाईट दिसत नाही. मला त्या अर्ध्या तासात कॉलेज आठवत नाही. मग सूर्य येतो, प्रत्येकाला आपापली सावली चिकटते, आणि मी मणी अण्णांच्या मोपेडवर घरी येतो. त्या अंधुक उजेडात कॅमेऱ्याची झडप आठ-आठ सेकंद उघडी ठेवावी लागते, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर हवा आणि समोरचं काही हलता कामा नये. हललं की त्याचा धूर होतो. समुद्राचा धूर सुंदर दिसतो. बगळ्याचा दिसत नाही.

तर यंदा एका तांदळाच्या गिरणीवाल्याने स्टुडिओला कॅलेंडर करायला सांगितलं. ते आपल्या इथलं, रोज एक पान फाडायचं, वर मोठं चित्र. चित्र समुद्राच्या पहाटेचं हवं, खाली फोटो काढणाऱ्याचं नाव छापू, असं मणी अण्णा म्हणाले. आत्या, तू विचार कर. तंजावरातल्या निम्म्या घरांत ते टांगलेलं असणार, वेंकटेशमामांच्या दिवाणखान्यातसुद्धा, आणि ते रोज सकाळी राहुकाळ बघायला माझ्या नावासमोर उभे राहणार. तीनशे पासष्ट दिवस. यापुढे मीटर दाखवणं त्यांना जड गेलं असतं. मी तीनदा गेलो. एकदा मोपेड बिघडली आणि सूर्य माझ्या आधी पोचला. एकदा धुकं होतं. एकदा सगळं जुळलं होतं, तेव्हा कुत्र्याने ट्रायपॉडला खांब समजून वागणूक दिली.

चौथ्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी मी पिशवी भरत होतो. अप्पा ओट्यावरून म्हणाले, "उद्या..." त्यांना पुढे बोलू दिलं असतं तर हे पत्र तू वाचत नसतीस. मी म्हणालो, उद्याचं मला ठाऊक आहे, मला अडवू नका. अप्पा म्हणाले की सूर्य आपल्या गच्चीवरही उगवतो, त्याला भेटायला सत्तर किलोमीटर कशाला. मी म्हणालो, ओरत्तनाडूच्या कचेरीत तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते कळणार नाही. (हे वाक्य मी लिहून काढलं, म्हणजे त्याचं वजन कमी होईल असं वाटलं होतं. झालं नाही.) अप्पांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं. मग मी नाहीच असं समज." आणि आत गेले.

मी तीन वाजता निघालो. पोचलो तर किनाऱ्यावर माणसं. पन्नास-साठ, धोतरं नेसलेली, उघडीबंब. अप्पांचा 'उद्या' तेव्हा पूर्ण झाला: उद्या अवस. आडीची अवस, तुमच्याकडे दिवे घासून पुजतात ती. इकडे वडील गेलेले लोक पहाटे समुद्रावर जाऊन पितरांना तिळाचं पाणी देतात. मी महिनाभर कॅलेंडरचं काम करत होतो, आत्या. पुढच्या वर्षीच्या याच अवसेच्या पानावरचा काळा ठिपका मी स्वतः दोनदा तपासला होता.

पण उजेड येत होता आणि तो असा उजेड होता की मी तुला सांगत नाही. मी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, गुडघ्यावर बांधून चिखलात उतरलो, माणसं चौकटीत येणार नाहीत अशी जागा धरली, ट्रायपॉड रोवला, दर अर्ध्या मिनिटाला आपोआप एक फोटो निघेल असं लावलं, आणि मागे सरकताना पडलो. आडवा. उठलो तो गळ्यापर्यंत काळा. सदरा काढून धुतला, खांद्यावर टाकला. कॅमेरा टिकटिक चालू होता. इतक्यात मागून आरडाओरडा झाला की कोण हा, लोकांच्या पितरांचे फोटो काढतो, उचला त्याची ती काठी. मी म्हणालो की मी समुद्राचे काढतोय, तुमच्या पितरांचे नाही. (खरं तर तेव्हा ट्रायपॉडचा एक पाय चिखलात रुतून कॅमेरा हळूहळू त्यांच्याकडेच वळत होता, पण ते मला नंतर कळलं.) एक म्हातारे गुरुजी पुढे आले. माझी ओली वेष्टी बघितली, उघड्या अंगावरचं जानवं बघितलं, आणि तमिळमध्ये म्हणाले, "पाणी द्यायला आला असशील तर बस. नसशील तर ते यंत्र घेऊन जा. इथे तमाशा चालायचा नाही." वीस मिनिटांचा उजेड उरला होता. मी म्हणालो, पाणी द्यायला आलोय. आणि रांगेत जाऊन बसलो.

इथपर्यंत तू मला मूर्ख म्हणशील, तेवढं चालेल. पुढचं वाईट आहे. गुरुजींनी बोटात दर्भ घातला, हातावर तीळ ठेवले आणि विचारलं, कोणासाठी. आजोबा म्हणता आलं असतं. कोणीही म्हणता आलं असतं. पण वडील जिवंत असताना कोणी त्या रांगेत बसतच नाही, हे मला ठाऊक होतं, आणि डोक्यात आदल्या संध्याकाळचं ते 'मी नाहीच' घुमत होतं. मी म्हणालो, अप्पांसाठी. नाव? आत्या, अप्पांचं नाव मी आजवर तोंडाने घेतलेलं नाही, फॉर्मवर लिहिलंय तेवढंच. मी म्हणालो, हनुमंतराव. गुरुजी म्हणाले, मोठ्याने, तीनदा, दर नावाला पाणी सोड. पहिल्यांदा मी रागाने म्हणालो. दुसऱ्यांदा मला अप्पांचे हात दिसले, सुपारी कातरताना दिसतात तसे. तिसऱ्यांदा मी 'हनुमंत'वरच थांबलो. तीळ तळहाताला चिकटून राहिले, पडेनात. मी तसाच बसून राहिलो, अंगठ्यावरून पाणी गळत होतं, आणि मी रडत होतो. मेलेल्या माणसासाठी रडतात तसा, आणि तो माणूस त्या वेळी तंजावरात दूध घ्यायला गेला असणार.

मग खांद्यावर एक हात पडला. वळून बघितलं तर शेजारच्या पाटावर वेंकटेशमामा. त्यांचे डोळे भरलेले. (मी त्यांना मामा म्हणतो ते मुद्दाम. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. काका म्हणणं मला परवडणारं नाही.) ज्या माणसाने मला मीटर दाखवला होता, त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कधी रे? कळवलं नाहीत." मी तळहातावरचे तीळ खरवडत राहिलो. "एकाएकी?" मी मान हलवली. एकाएकी तर झालंच होतं. ते म्हणाले की बारा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही, आणि कशावरून, तर व्यंकोजी राजांबरोबर कोणाचे पूर्वज आधी आले यावरून. "आधी तुमचेच आले असतील," असं म्हणून ते रडायला लागले. आता तू सांग, अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं की ते घरी आहेत. मी ठरवलं, कॅमेरा गुंडाळून येतो आणि कॉफीच्या टपरीवर सगळं सांगतो. ट्रायपॉड चिखलातून उपटून येईस्तोवर त्यांची मोटार निघाली होती. टपरीवाल्याकडे निरोप होता: तुझ्या आईला भेटायला पुढे जातो, तू सावकाश ये.

मोटारीच्या मागे मोपेड. पट्टुकोट्टैपर्यंत मी अप्पांना सतरा वेळा फोन केला. त्यांनी सतरा वेळा कापला. रुसलेला माणूस दुसरं काय करणार. आईचा फोन घरी, आई देवळात, आणि तो फोनही अप्पांनीच कापला. तेव्हा पुढचं मी आईकडून ऐकलेलं आहे, आणि तिने ते दारातल्या फुलवालीकडून. वेंकटेशमामांनी चपला बाहेर काढल्या, शोकाला येतात तसे न हाक मारता पायरी चढले, आणि दार उघडलं अप्पांनी. ओलं धोतर, बोटाला तीळ. ते नुकतेच आजोबांना पाणी देऊन उठले होते. वेंकटेशमामा मटकन ओट्यावर बसले. अप्पांना वाटलं, हा समेटाला आला. म्हणाले, "ये वेंकटेशा, एवढ्या वर्षांनी वाट सापडली तर." आणि बारा वर्षांनंतर दोघांनी मिठी मारली. फुलवालीसुद्धा रडली म्हणे. मग वेंकटेशमामांनी शुद्धीवर येऊन सगळी हकीकत सांगितली.

मी पोचलो तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसून डोसे खात होते. अप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं. ओरडतील म्हणून मी उभा राहिलो, खरं सांगायचं तर ओरडावं म्हणून. ते डोशाचा तुकडा मोडून माझ्या पलीकडच्या भिंतीकडे बघायला लागले. बोलले वेंकटेशमामा. म्हणाले, "जिवंत बापाला जो तिळोदक देतो, तो जिवंत सासऱ्याला काय देईल?" आणि हात धुवायला उठले. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येतात. दोघं कॉफी पितात, व्यंकोजी राजांचं आता काही भांडण उरलेलं नाही, सगळा वेळ माझ्यावर खर्च होतो. बोलतात वेंकटेशमामा, अप्पा मान डोलवतात.

आणि आता कॅमेऱ्याचं. फोटो सगळे फुकट. निळा चिखल, काळा चिखल, अर्धा बगळा. एकच फोटो लागला आहे. त्यात किनाऱ्यावरची रांग आहे, मागे पाणी दुधासारखं. आठ सेकंदांत सगळे हलले, वाकले, उठले, म्हणून सगळ्यांचा धूर झाला आहे. पितरच येऊन बसलेत असं वाटावं. स्पष्ट आहे तो मी एकटा. मी आठ सेकंद हललो नव्हतो. आणि माझ्या खांद्यावरचा एक हात. मणी अण्णा म्हणाले, हेच कॅलेंडर. गिरणीवाले म्हणाले, हेच. मी म्हणालो, नाही, आणि मेज लाथाडलं. (पायाचं बोट अजून सुजलेलं आहे.) जिवंत अप्पांचं तर्पण तंजावरच्या प्रत्येक भिंतीवर वर्षभर टांगायचं, आणि खाली माझं नाव? फोटो मी कीर्तनाला तेवढा पाठवला. तिचं उत्तर आलं: "आता माणूस आला. बाकी सगळं वाईट झालं." होसूरच्या मुलाबद्दल तिने काही लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. ती कागदावर दाणे मांडून बसली असेल, मी उगवतो का बघत.

तेव्हा आत्या, तू अप्पांची थोरली बहीण. तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. फोन कर, आणि आवणीच्या आत त्यांना वेंकटेशमामांपाशी माझ्यासाठी बोलायला लाव, एवढीच विनंती. आतोबांना नमस्कार. घरातल्या मांजरीला बोक्यापासून सांभाळ.

तुझा,
मेलेल्याहून मेलेला
विघ्नेश

ता. क. वर लिहिलेली विनंती खरी आहे, पण ती राहू दे. खरी दुसरीच आहे. परवा मी सुटीवर असल्याचं बघून अप्पा मणी अण्णांच्या स्टुडिओत गेले आणि त्यांनी स्वतःचा मोठा फोटो काढून घेतला. चौकट करून आणला, दिवाणखान्यात आजोबांच्या शेजारी खिळा ठोकून लावला आणि आईला म्हणाले, पाणी सुरू झालंय तर फोटो तयार असावा. हार तेवढा घातलेला नाही. आत्या, तो फोटो वाईट आहे. कपाळावर झगझगीत उजेड पडलाय, डोळे मिटायच्या बेतात आहेत, एक खांदा कापला गेलाय. मणी अण्णांना माणूस कधी काढताच आला नाही. अप्पा तसे दिसत नाहीत. तू त्यांना एवढंच सांग की तो खाली उतरवा आणि विघ्नेशाला एक काढू द्या. समुद्रावर, त्या सावली नसलेल्या उजेडात. फक्त आठ सेकंद हलायचं नाही. एरवी ते माझ्याकडे बघत नाहीत, तर कॅमेऱ्याकडे बघावं. कीर्तनाचं नंतर बघू.

ता. क. दुसरा. पाकिटावर घालायला तुझा पिनकोड सापडेना. आईला विचारला, तिने वही शोधायला सुरुवात केली. अप्पा ओट्यावर पाठमोरे बसले होते. तसेच पाठमोरे, रस्त्याकडे बघत म्हणाले, "चार एक पाच, शून्य शून्य दोन." अकरा दिवसांत माझ्याशी बोललेले हे पहिले सहा शब्द. मी ते पाकिटावर लिहिले, मग पुन्हा एकदा विचारले, शाई फुटली म्हणून. शाई फुटली नव्हती. त्यांनी पुन्हा सांगितले, जरा सावकाश.

ता. क. तिसरा. पाकीट उघडून हे लिहितोय. मघाशी ते आत जाताना दारात थांबले. म्हणाले, "चंद्रमती अक्काला पत्र लिहितोयस ना? मी बरा आहे म्हणून लिही." तेव्हा वर ठिपक्यांची कोरी ओळ सोडली आहे ना, तिथे तूच तुझ्या हाताने लिहून घे: अप्पा बरे आहेत. त्यांनीच सांगितलं.